नऊ रेडिएटर

घर तापवायला एकूण नऊ रेडिएटर होते. खाली चार, वर पाच. त्या दुपारी मी प्रत्येकावर तळहात ठेवून पाहिला. दोन सगळीकडून कोमट होते. तीन खालून कोमट आणि वरून गार. उरलेले चार शहाबादी फरशीसारखे गारढोण.

"काय करतेस गं?" कुंदामावशीनं खालून विचारलं.

"मोजतेय."

"मोज."

मी जिना उतरून आले. मावशी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती. अंगात दोन स्वेटर, त्यावर शाल, त्यावर काकांचा कोट. कोटाच्या बाह्या तिच्या बोटांच्याही पुढे आल्या होत्या. शेजारी चपलांच्या कपाटावर दिवा तेवत होता.

दिगंबरकाकांना जाऊन आठवडा झाला होता. इथेच, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधताना ते गेले. लग्न झाल्या झाल्या दोघं इचलकरंजीहून विलायतेत हडर्सफील्डला आले होते. काकांनी सगळी नोकरी लोकरीच्या गिरणीच्या रंगशाळेत केली. मी शेफील्डला एम.एस्सी. करायला आले, तेव्हा आईनं मला या दोघांच्या हवाली केलं होतं. मी सांगतेय त्या दिवसांना आता चौदा वर्षं झाली.

तिकडे माणूस गेला की लगेच दहन होत नाही. हॉस्पिटलची तपासणी, कागदपत्रं, मग स्मशानाची तारीख. आम्हाला पुढचा बुधवार मिळाला होता. तोपर्यंत काका हॉस्पिटलच्या शीतगृहात होते. लेस्टरच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, जिथे गेले तिथे पिठावर दिवा लावा, ज्योत दक्षिणेकडे, दहन होईपर्यंत आणि पुढे दहा दिवस. विझू द्यायचा नाही. हलवायचा नाही.

मावशीनं तो आधी जमिनीवरच ठेवला होता. पण तिथल्या दारांना टपालासाठी फट असते, पत्रं थेट आत पडतात. पहिल्याच दिवशी पिझ्झाची जाहिरात ज्योतीपासून वीतभर अंतरावर येऊन पडली. म्हणून मग तिनं चपलांचं कपाट रिकामं केलं, डेटॉलनं पुसलं, त्यावर धूतवस्त्र घातलं आणि वर पिठाचं ताट आणि जाड वातीचा पितळी दिवा ठेवला. कपाटातले बूट-चपला भिंतीकडेनं रांगेत लावल्या होत्या. त्यात काकांचे तपकिरी बूट होते. एकाची नाडी बांधलेली होती.

मी सुरुवातीचे दिवस तिथेच होते; तेव्हा दिवसभर माणसांची ये-जा होती, गारठा जाणवला नव्हता. मधे प्रयोगशाळेतलं एक काम उरकायला दोन दिवस शेफील्डला जाऊन आले, तर घराची ही अवस्था.

"कधीपासून गार आहे?" मी विचारलं.

"काय?"

"घर, मावशी. घर कधीपासून गार आहे?"

 "घर गार आहे होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच गार लागतंय. म्हटलं, हे असंच असत असेल."

 काकांचा रंगशाळेतला लांब काचेचा थर्मामीटर स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असायचा. तो काढून बैठकीच्या खोलीत पाच मिनिटं धरला. तेरा अंश.

*

उन्मेषदादाचा मेलबर्नहून फोन आला तेव्हा मावशी पॅसेजमध्येच होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, तुझे दात वाजतायत का?"

"नाही रे."

"मला ऐकू येतायत. मृणू, तिथे आहेस का? काय चाललंय?"

"बॉयलरचं काहीतरी झालंय दादा. गरम पाणी सगळ्या रेडिएटरमधून फिरत नाहीये. कंपनीला फोन केला, मंगळवारी येतो म्हणाले."

"मंगळवारी? बाहेर किती आहे?"

"दोन."

 तो हळू आवाजात बोलू लागला. तो रागावला की हळू बोलतो. "आई, नीट ऐक. मी रविवारी पोचतो. घर असं असेल तर आपण हॉटेलात राहायचं. आणि सोमवारी मी घर विकायला एजंट बोलावतो. मी तुला एकटीला त्या घरात ठेवणार नाही. बाबा होते म्हणून ते घर चालत होतं."

"मी कुठे येणार नाही, उन्मेष."

"तू सत्तरीची आहेस. तुला बॉयलर कुठे आहे ते तरी माहीत आहे का?"

"स्वयंपाकघरात. कपाटाच्या आत."

"आणि तो चालतो कसा?"

मावशीनं शाल घट्ट ओढून घेतली.

"रविवारी बघू," तो म्हणाला. "मृणू, गॅसच्या भागाला हात लावू नकोस हं. प्लीज."

फोन ठेवल्यावर मावशीनं दिव्यात तेल घातलं. वात काडीनं पुढे सारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला जमेल का गं? तू शास्त्र शिकलीस."

"मी रसायनशास्त्र शिकले, मावशी."

"मग? पाणी रसायनात येत नाही होय?"

*

पाण्याचा भाग तरी माझ्या आवाक्यातला होता. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते नळ्यांमधून नऊ ठिकाणी फिरवतो, गार झालेलं पाणी परत येतं. एवढंच. बंद वर्तुळ. कुठेतरी अडलं असेल, तर कुठे ते शोधायचं.

बॉयलरखाली दाबाचा काटा होता. तो एकच्या जरा वर असायला हवा, ०.३ वर होता. म्हणजे वर्तुळात पाणीच कमी होतं.

"काका कधी पाणी भरायचे का यात? वेणीसारखी चंदेरी नळी असते बघ, तिथून?"

"दर अमावस्येला," मावशी म्हणाली.

"अमावस्येला?"

"महिन्यातनं एकदा भरावं लागतं म्हणाले. तारीख लक्षात राहत नाही, अमावस्या राहते. मागची चुकली. डॉक्टरकडे जायचं होतं तेव्हा."

नळी बॉयलरच्या खाली होती. तिच्या दोन्ही टोकांच्या तोट्या मी अर्ध्या फिरवल्या. पाणी शिरल्याचा आवाज आला आणि काटा सरकू लागला. १.२ वर तोट्या बंद केल्या.

मग हवा. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर वर हवा साठलेली असते. प्रत्येकाच्या टोकाला चौकोनी खिळीची एक छोटी झडप असते, तिला पितळी किल्ली लागते. मावशीनं ती देवघरातून आणून दिली.

"देवघरात का?"

"हरवत नाही म्हणून. तुझ्या काकांचा देवावर विश्वास नव्हता, देवघरावर होता."

मी किल्ली फिरवत गेले आणि मावशी खाली वाटी व जुनं फडकं धरून बसत गेली. वरच्या मजल्यावरच्या पहिल्याच रेडिएटरनं बराच वेळ फुसफुस केली. थांबेचना. मावशी मांडी घालून त्याच्यासमोर बसली होती. वाटी दोन्ही हातांत धरलेली.

"किती दिवसांचं कोंडून ठेवलं होतं गं यानं," ती म्हणाली.

शेवटी झडपेच्या तोंडातून फसकन काळं पाणी आलं. मी किल्ली आवळली. असे नऊ केले. दाब पुन्हा उतरला होता तो पुन्हा भरला. तरी वरचे चार गारच.

पंप वर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात होता. मी पेचकसाचं टोक पंपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत नुसती गुणगुण होती. फिरत असता तर पाणी वाहिल्याचा आवाज आला असता. पंपाच्या मधोमध एक मोठा स्क्रू असतो. वीज बंद करून तो काढला. आतल्या दांड्याला खाच होती. तिच्यात पेचकस घालून फिरवायला गेले तर हलेना.

"जोर लाव की," मावशी म्हणाली.

"तुटेल."

"तुटेल तर तुटेल. तसाही काय उपयोग आहे त्याचा?"

मी जोर लावला. दांडा कचकन सुटला आणि मग पेचकसाबरोबर सहज फिरायला लागला. स्क्रू बसवला, वीज चालू केली. पेचकस कानाला लावला तेव्हा नदीसारखा आवाज येत होता. मी पेचकस मावशीच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली. बराच वेळ. मी हात खाली घेऊ लागले तर तिनं मनगट धरून तो तिथेच ठेवला.

त्या संध्याकाळी लोक येत-जात होते. समोरच्या घरातले पिठलंभात घेऊन आले, देवळातल्या दोन बायका आल्या, काकांचा गिरणीतला जुना जोडीदार आला. मी सायकलच्या शेडमधून अवजारं आणायला चार वेळा बाहेर गेले. जेवायला बसलो तोवर नऊच्या नऊ रेडिएटर तापले होते. मी पुन्हा प्रत्येकाला हात लावून आले. बैठकीत अठरा अंश झाले होते.

मावशीनं काकांचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"सुटलं बाई," मी म्हणाले.

"सुटलं," ती म्हणाली.

*

सकाळी उठले तर तोंडातून वाफ निघत होती.

नऊ रेडिएटर, नऊही गार. दाब १.२, पंपाला वीज आहे. बॉयलरवर चालू असल्याचा हिरवा दिवा आहे, आणि तो नुसता उभा आहे. त्याला कोणी कामाला लागायला सांगत नव्हतं.

सांगण्याचं काम पॅसेजमधल्या भिंतीवरच्या एका गोल चकतीचं होतं. खोली गार झाली की ती टक् असा आवाज करते आणि बॉयलर पेटतो, खोली गरम झाली की पुन्हा टक् आणि बॉयलर विझतो. चकती वीस अंशांवर होती. मी ती पंचविसावर फिरवायला गेले, तर ती विसावर अडली.

"त्याच्या पुढे जात नाही ती," मावशी म्हणाली. ती पुन्हा कोट घालून तिथेच, कपाटाला लागून उभी होती. "यांनी आतनं खिळा घातलाय. उन्मेष सुट्टीला आला की सारखा वाढवायचा. हे म्हणाले, ज्याला विसात थंडी वाजते त्यानं बनियन घालावं."

"काल संध्याकाळी कसं गरम झालं मग?"

"तसं होतं ना. माणसं आली की होतं," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यातही तसंच. लोक भेटायला आले की घर ऊबदार. गेले की गार. मला वाटलं, माणसांमुळे."

मी तिच्याकडे बघितलं. चार माणसांच्या अंगाच्या उष्णतेनं अख्खं घर तापत नाही. पण तिचं निरीक्षण चुकीचं असेल असं मला वाटलं नाही.

तेवढ्यात दारात पोस्टमन आला. पाकीट मोठं होतं, फटीतून येईना, म्हणून त्यानं बेल वाजवली. मी दार उघडून ते घेतलं. कसली तरी दुखवट्याची कार्डं होती. त्याला मावशीशी दोन शब्द बोलायचे होते, म्हणून दार उघडंच राहिलं. गार वारा आत येत होता, दिव्याची ज्योत आडवी होत होती, मावशीनं कोटाचा आडोसा केला.

टक्.

स्वयंपाकघरात बॉयलर पेटला.

पोस्टमन गेला. मी दार लावलं आणि बॉयलरपाशी जाऊन उभी राहिले. तो थोडा वेळ चालला. मग पॅसेजमधून पुन्हा टक्, आणि बंद.

"मावशी, दार उघडते हां जरा."

"कोण आलं?"

"कोणी नाही."

दार उघडलं. थोड्या वेळानं टक्, पेटला. बंद केलं. टक्, विझला. मला पहिल्यांदा वाटलं, कुठली तरी तार सैल आहे आणि दाराच्या हादऱ्यानं जुळते. म्हणून दार बंद असतानाच चौकटीवर दणादणा बुक्क्या मारून पाहिल्या. काही झालं नाही.

"दारावर राग का काढतेस?"

"राग नाही गं. तपासतेय."

मग दार न आपटता, अगदी हळू उघडलं. टक्.

म्हणजे हादरा नव्हे. वारा.

मी थर्मामीटर आणला. बैठकीत बारा अंश. जिन्यावर बारा. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला साडेबारा. मग चकतीजवळ धरला. पारा चढायला लागला. पंधरा, अठरा, वीस. चोविसावर थांबला. मला वाटलं थर्मामीटरच बिघडला. बाजूला नेऊन पारा उतरू दिला, पुन्हा धरला. चोवीस. धरलेल्या हाताला ऊब लागत होती. मी नजर खाली आणली.

चकतीच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर, दिवा होता. दार बंद असल्यामुळे ज्योत अगदी सरळ उभी होती.

मावशीला इथेच का उभं राहावंसं वाटत होतं, तेही मला कळलं.

*

मी स्वयंपाकघरातून सर्वांत बारीक पेचकस आणला आणि चकतीचं झाकण काढायला लागले. खिळा काढला असता तर चकती तिसापर्यंत गेली असती. दिवा राहिला असता, बॉयलर चालला असता, कोणाला काही सांगायची गरज पडली नसती.

"काय करतेस?"

मावशी जिन्याच्या पायरीवर होती. मी न वळता म्हणाले, "खिळा काढतेय."

"का?"

मी तिला सांगितलं. सोपं करून, एकेक पायरी.  सांगून झाल्यावर ती उठून माझ्याशेजारी आली आणि तिनं चकतीवर तळहात ठेवला.

"म्हणजे हिला वाटतंय, घर गरम आहे."

"हो."

"दिव्यामुळे."

"हो."

"आणि सगळं घर गारठलंय."

"हो मावशी."

ती हसली. काका गेल्यापासून पहिल्यांदाच. एकदाच, नाकातून, फुसकन. "बाई गं! जन्मभर हीटिंगचं बिल वाचवलं," ती म्हणाली. "गेल्यावरही सोडलं नाही."

 मी झाकणाचा दुसरा स्क्रू सैल करत होते.

"थांब," ती म्हणाली. "तो खिळा असू दे."

"मग घर तापणार नाही."

"तुला सांगते काय होईल. तू खिळा काढशील, मी तिसावर ठेवीन. पुढे दिवा उठेल, तू शेफील्डला जाशील, आणि घराची भट्टी होईल. मला कळणार नाही. मला गारठा कळला नाही आठ दिवस." तिनं हात कोटाच्या बाहीत ओढून घेतला. "दिवा हलवू."

"गुरुजी म्हणाले होते हलवायचा नाही."

"गुरुजींना काय होतंय म्हणायला? लेस्टरला त्यांचं घर गरम आहे."

"पण जिथे गेले तिथेच..."

"गेले इथे," मावशी म्हणाली. "पाच मिनिटं लागली असतील. राहिले तिकडे. तो कोपरा बघ, खुर्चीशेजारचा."

ताट तिनं उचललं. मला उचलू दिलं नाही. मी वर्तमानपत्र पसरून ज्योतीच्या पुढे धरलं आणि उलटी चालत गेले. पिठावर तेलाचे दोन थेंब पडले होते, ते सोडून पीठ गुळगुळीत होतं. ती पाऊल न उचलता, घासत चालत होती. बैठकीच्या दाराच्या उंबरपट्टीशी ज्योत निळी होऊन अगदी बारीक झाली.

"विझते," मी म्हणाले.

"विझत नाही. चल तू."

आम्ही उभ्या राहिलो. ज्योत पुन्हा वर आली. खुर्चीशेजारी तिपाईवर तिनं ताट टेकवलं.

"दक्षिण कुठे?"

मी फोनवर पाहिलं. "टीव्हीकडे."

"राहू दे मग," मावशी म्हणाली. "मॅच बघतील."

पॅसेजमध्ये येऊन मी थर्मामीटर चकतीजवळ धरला. चोवीस. बावीस. एकोणीस. तिथेच टक् झालं आणि भिंतीपलीकडे बॉयलर पेटला. पारा उतरतच राहिला. साडेबारावर थांबला.

"मृणू," मावशी म्हणाली, "हे उन्मेषला सांगायचं नाही."

"का?"

"तो म्हणेल, आईनं दिवा लावून स्वतःला गोठवून घेतलं. आणि एजंटला बोलावेल. पंप अडकला होता म्हण."

"पंप अडकलाच होता."

"मग तेवढंच म्हण."

*

उन्मेषदादा रविवारी दुपारी टॅक्सीनं आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आत येऊन मावशीला मिठी मारली, तिच्या डोक्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला. मग बॅग तिथेच टाकून तो पॅसेजमधल्या रेडिएटरकडे गेला आणि त्यावर हात ठेवला. तिथून स्वयंपाकघरात. तिथून वर. कुठे कुठे हात लावतोय हे आम्हाला खालून पावलांवरून कळत होतं. तो खाली आला तेव्हाही कोट त्याच्या अंगात होता.

"सगळे चालतायत," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

"काय झालं होतं?"

"पाणी कमी होतं. हवा धरली होती. आणि पंप अडकला होता."

त्यानं मान हलवली. मग त्याची नजर चपलांच्या कपाटावर गेली. धूतवस्त्रावर ताटाचा गोल उमटला होता. "दिवा कुठाय? आई, दिवा विझला?"

"नाही. आत आहे."

तो आत गेला. दिव्याकडे, खुर्चीकडे पाहत उभा राहिला. बूट काढून, वाकून नमस्कार केला. सरळ झाला तेव्हा त्याचा आवाज पुन्हा हळू झाला होता.

"हे बघ, मृणूनं केलं म्हणून झालं. ती नसती तर? आज ही होती. ती सुट्टी काढून आली. उद्या हे सगळं पुन्हा झालं तर कोण आहे इथे?"

मी मावशीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"उद्या दिवा नसेल, उन्मेष," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पंप झाला होता नीट. परवाच. तरी घर गार पडत होतं, कारण मी दिवा त्या भिंतीवरच्या चकतीखाली ठेवला होता. तिला दिव्याची ऊब लागायची, तिला वाटायचं घर तापलंय. हिनं शोधलं. मग मी दिवा आत आणला. झालं."

दादा वळून दारातून पॅसेजकडे पाहू लागला.

"आठ दिवस?" त्यानं विचारलं.

"आठ दिवस."

"आणि तुला कळलं नाही?"

"नाही," मावशी म्हणाली. "तुला कळलं असतं?"

तो खुर्चीत बसला. काकांच्या खुर्चीत, काकांसारखाच, पुढे सरकून, कोपरं गुडघ्यांवर. बराच वेळ दिव्याकडे पाहत होता. मी चहा टाकायला उठले तर त्यानं हातानंच खूण केली, नको. बॉयलर मधे एकदा थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. तो आवाज आम्ही तिघंही ऐकत होतो.

मग त्यानं कोट काढला.

"मी फोनवर बाबांना दर वेळी विचारायचो, तिकडे किती आहे," तो म्हणाला. "ते अर्ध्या अंशापर्यंत सांगायचे."

"ते रंगातले होते," मावशी म्हणाली. "अर्ध्या अंशानं रंग बदलतो."

"तू सांगशील?"

"काय?"

"रोज सकाळी. घरात किती आहे ते. थर्मामीटर बघून, मला लिहून पाठवायचं. मृणूलाही. एक दिवस आला नाही, किंवा सोळाच्या खाली आला, तर मी इथल्या कोणाला तरी लगेच घरी पाठवीन. आणि सारखं सोळाच्या खाली आलं, तर मग आई, मी विचारणार नाही. घर विकीन."

"आणि आलं नाही खाली, तर?"

"तर राहा."

"किती दिवस?"

त्यानं खांदे उडवले. त्याचे डोळे कोरडे होते. मावशीचेही आणि माझेही.

"खरा आकडा पाठवायचा आई."

"मला खोटा वाचताही येत नाही," मावशी म्हणाली. "चष्मा लावून खराच कसाबसा दिसतो."

*

बुधवारी दहन झालं. तिथे खोली छान तापवलेली होती, सगळ्यांनी कोट काढून मांडीवर घेतले होते. शवपेटीपुढचा पडदा सरकला तेव्हा मावशीनं हात जोडले आणि ती तशीच उभी राहिली. मी आणि उन्मेषदादानं दोन्ही बाजूंनी तिचे दंड धरले.

पुढचे दहा दिवस दिवा बैठकीत तेवला. दहाव्या दिवशी गुरुजी लेस्टरहून आले, मागच्या अंगणात पिंडदान झालं, कावळा काही आला नाही, दुसऱ्याच एका काळ्या पक्ष्यानं भात खाल्ला, तोच धरला. दिवा उठला. धूतवस्त्र धुतलं गेलं. मावशीनं चपला परत कपाटात लावल्या. तपकिरी बूट तिनं आधी कपाटात ठेवले, मग काढले, मग पुन्हा ठेवले.

उन्मेषदादाचं विमान शनिवारी होतं. त्याला सोडून मी तशीच शेफील्डला परतले. खोलीवर पोचले तेव्हा अंधार पडला होता. मी जेवले नाही. कपडेही न बदलता पलंगावर पडून राहिले आणि छताकडे पाहिलं. काही वाटत नव्हतं. झोप लागली की नाही ते आठवत नाही.

रविवारी सकाळी खिडकीच्या काचांवर आतून बर्फाची नक्षी होती. बातम्यांत म्हणत होते, यॉर्कशायरमध्ये त्या हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र होऊन गेली, उणे सात. आठ वाजले, फोन गप्प. साडेआठ झाले. वाटेतल्या विमानतळावरून उन्मेषदादानं मला विचारलं, आईचं काही आलं का. मी लिहिलं, नाही. मी बूट घातले आणि हडर्सफील्डची पहिली गाडी किती वाजता आहे ते पाहायला लागले.

नऊला फोन वाजला. मावशीनं आयुष्यात पहिल्यांदाच लिहून निरोप पाठवला होता. त्याला वेळ लागला असणार. एकही मात्रा जागेवर नव्हती. पण आकडा बरोबर होता, तिनं तो नुसता अंकांत न लिहिता, खाली पुन्हा अक्षरांतही लिहिला होता.

बैठकीत १८.५. साडेअठरा.